घरच्या ठेव्याची दुसरी प्रत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या गृहिणीने संगणकाच्या वस्तूवर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. परंतु आज मी ज्या हार्ड डिस्कविषयी बोलणार आहे, ती साठवणीची वस्तू आहे. आणि साठवण हा तर आपलाच विषय. वर्षाचे लोणचे कुणी शहाणी बाई एकाच बरणीत भरत नाही. एकीला बुरशी आली तरी दुसरी हाताशी राहते. घरच्या फोटोंना आणि कागदपत्रांनाही हाच नियम लावावा, एवढेच मला सांगायचे आहे.

आपण सांगलीकर. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाईचे पाणी आपल्या शहरात शिरले. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या वर गेले होते. त्यानंतर भांडीकुंडी पुन्हा घेता आली, दाखल्यांच्या नकलाही खेटे घालून मिळाल्या; पण चिखलाने एकमेकांना चिकटलेले लग्नाचे फोटो काही सुटे झाले नाहीत.

आता आपले फोटो फोनमध्ये असतात. त्यांना पुराचे भय नाही असे वाटते, पण फोनच हरवतो, पडतो, बिघडतो. माझ्या सासूबाई २०२२ साली गेल्या. त्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या माझ्या फोनवर होत्या. पुढे फोन बिघडला. दुरुस्त होऊन आला तो आतून कोरा! परंतु मुलीने त्या ओव्या आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवल्या होत्या. म्हणून आजही आमच्या घरात त्यांचा आवाज ऐकू येतो. बायांनो, फोन विकत मिळतो, आवाज मिळत नाही.

ही डिस्क तळहातावर मावते. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क काढली, तिच्यात ५० मोठाल्या तबकड्या होत्या आणि वजन टनाच्या घरात होते. एवढे असून तिच्यात मावत असे जेमतेम ५ एमबी, म्हणजे आजच्या फोनवरचा एखादा फोटो! आज १ टीबीच्या डिस्कमध्ये तसे सुमारे २ लाख फोटो राहतात.

हिच्या आत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर, अगदी न टेकता, एक बारीक टोक वाचत-लिहीत असते. म्हणून चालू असताना ती हलवू नये, पाडू नये. संगणकाला ‘काढते’ असे कळवून मगच वायर सोडावी. एसएसडी नावाच्या प्रकारात तबकडी नसते. ती धक्का अधिक सोसते. पण महाग पडते, आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यास भरवशाची नाही.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ घरी फोनमध्ये जागा व्हावी म्हणून फोटो डिस्कवर टाकतात आणि फोनवरचे पुसतात. याने दुसरी प्रत होत नाही. एकुलती एक प्रत फक्त घर बदलते! पहिली जागच्या जागी ठेवून केलेली, तीच दुसरी प्रत.

कुणी विचारील, फोटो इंटरनेटवर आपोआप जातात, मग हा खटाटोप कशाला? तीही सोय चांगली आहे, जरूर ठेवावी. पण फोन आणि ती जागा जोडलेली असली, तर इथे पुसलेले तिथूनही जाते. शिवाय पासवर्ड विसरला की दाराला कुलूप!

मी दर संकष्टीला, चंद्रोदयाची वाट पाहताना, हे काम मुलीला जवळ बसवून करते. वर्ष आणि प्रसंग यांच्या नावाने कप्पे करते. नक्कल झाली की चार-दोन फोटो उघडून पाहते, जशी आपण बरणी उघडून वास घेतो. आधार, बँक यांचे कागद पासवर्ड लावून ठेवते आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला सांगते. डिस्कही कधीतरी थकते, म्हणून चार-पाच वर्षांनी नवी घेऊन सारे तिच्यावर उतरवावे.

शेवटचे एक. दोन्ही प्रती एकाच घरात असल्या, तर पूर दोन्ही नेईल. म्हणून आणखी एक डिस्क भरून मी माहेरी, जतला ठेवली आहे. तिकडे कृष्णेचा पूर पोचत नाही. दिवाळीला जाताना फराळाच्या डब्यांबरोबर नवे फोटो नेते आणि तिच्यात भरून येते.

घरच्या तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला असते, तशी या ठेव्याची काळजीही आपणच घ्यावी. मुले शिकवतील, विचारायला लाजू नये.