सांडपाण्याची वाट आणि तालुक्याच्या गावांतील घरे



आपल्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत घरांची टंचाई का आहे असे विचारले, तर जमिनीचे चढलेले भाव, बिनशेती परवानगीस लागणारा विलंब आणि सिमेंट-लोखंडाची महागाई ही कारणे कोणीही सांगेल, आणि ती खोटी नाहीत. परंतु ज्याचा उच्चार अर्जात, ठरावात वा जाहिरातीत क्वचितच आढळतो, आणि तरीही घर कोठे उभे राहावे, किती मजल्यांचे असावे व त्यात किती माणसांनी सुखाने नांदावे हे जे ठरवून टाकते, अशा एका कारणाविषयी मी आज बोलणार आहे. ते म्हणजे वापरलेल्या पाण्याला सुरक्षित वाट नसणे.

जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते आणि परसदार म्हणावे अशी जागा भावाभावांच्या वाटण्यांत केव्हाच संपलेली असते. अशा ठिकाणी एखाद्या कुटुंबास प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले, तर किमान २५ चौरस मीटरांच्या त्या वास्तूत स्वयंपाकाची जागा बसते, शौचालयही कसेबसे बसते; पण त्याची टाकी आणि टाकीतून निघणारे पाणी जिरवणारा शोषखड्डा शेजाऱ्याच्या पायाला ओल न लागू देता कोठे खणावा, याचे उत्तर त्या जागेपाशी नसते. मग मुलाचे लग्न ठरले की कुटुंब वडिलोपार्जित जागा पडीक ठेवून हमरस्त्यालगतच्या बिनशेती प्लॉटाकडे वळते, आणि गाव उंच व दाट होण्याऐवजी पिकाऊ जमिनीवर पातळ पसरत जाते.

त्या प्लॉटांवर तरी सुख आहे काय? मराठवाडा, विदर्भ आणि देशावरील पुष्कळ भागांत पायाखाली काळी चिकण माती आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून अशी घट्ट मिटते की तिच्यात पाणी जिरणे जवळजवळ थांबते. त्यामुळे कागदावर निर्दोष दिसणारा शोषखड्डा ऐन श्रावणात तोंडापर्यंत भरतो आणि टाकीतले पाणी उघड्या गटारात, तेथून ओढ्यात, आणि कित्येकदा शेजारच्या विहिरीत जाते. पाच माणसांच्या घराने दरमाणशी दररोज ७० लिटर पाणी वापरले आणि रूढ हिशोबाप्रमाणे त्याचा आठ-दशांश भाग सांडपाणी झाला, तरी रोज २८० लिटर पाणी त्या खड्ड्यात येते. अशा भूखंडावर दुसरा मजला चढवून भाडेकरू ठेवणे म्हणजे त्याच खड्ड्यावर दुप्पट भार घालणे होय, आणि विचारी घरमालक त्यास धजत नाही.

७० लिटरांचा हा आकडा मी सहज घेतलेला नाही. पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत नळ आहेत पण भूमिगत गटारे नाहीत अशा गावांसाठी दरमाणशी ७० लिटर, आणि गटारे असलेल्या किंवा योजलेल्या शहरांसाठी १३५ लिटर, असे प्रमाण घातलेले होते. म्हणजे ज्या गावाला गटार नाही, त्याच्या वाट्याचे पाणीही मापातच निम्म्यावर आले. या मापात मला मोठा अन्याय दिसतो. २०२१ साली सुरू झालेल्या अमृत योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही नळाचे पाणी सर्व नगरांना देण्याचे ठरले, पण मलनिस्सारणाची तजवीज मुख्यत्वे ५०० मोठ्या शहरांपुरती राहिली. लहान नगरांच्या सांडपाण्याचा भार स्वच्छ भारत अभियानाकडे सोपवला गेला. पाणी एका दप्तराने आणावे आणि त्याची विल्हेवाट दुसऱ्याने कालांतराने लावावी, या विभागणीत मधली वर्षे घरे बांधणाऱ्यांच्या माथी पडतात.

यातून मार्ग नाहीच असे मात्र नाही. कृष्णाकाठच्या वाई नगरपरिषदेने २०१८ च्या सुमारास, भूमिगत गटारांची वाट पाहत न बसता, प्रत्येक घराची टाकी सुमारे तीन वर्षांतून एकदा क्रमवारीने उपसण्याची व्यवस्था लावली, तिचा खर्च करातून भागवला, आणि दररोज सुमारे ७० हजार लिटर मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र चालवले. टाकी तुंबल्यावर धावाधाव करून कोणातरी गरिबाला आत उतरवण्याच्या जीवघेण्या प्रथेपुढे ही नियमितता किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. तशी उतरवणूक २०१३ च्या कायद्याने गुन्हाही ठरलेली आहे.

पण मैला-गाडी टाकीतला गाळ नेते, रोजचे पाणी नेत नाही. त्यासाठी रेखांकन मंजूर करतानाच बंदिस्त नाल्या घालून त्यांचा शेवट कोठे होणार हे नकाशावर दाखवण्याची सक्ती हवी. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. तिच्याखेरीज सखल कोपऱ्यातला वेगळा तुकडा राखून तेथे खडी-वाळूच्या वाफ्यांत कर्दळीसारख्या वनस्पती लावल्या, तर पंचवीस-तीस घरांचे पाणी बऱ्याच अंशी शुद्ध करता येते. हा खर्च विकसकाकडून प्लॉट विकले जाण्यापूर्वी वसूल झाला पाहिजे, कारण नंतर तो हाती लागत नाही आणि सारा बोजा ज्या नगरपंचायतीवर येतो, तिच्यापाशी गटारे सांभाळण्यास पुरेसा अभियंतावर्गही बहुधा नसतो. तो वर्ग देणे आणि नळयोजनेच्या अंदाजपत्रकातच सांडपाण्याची रक्कम धरणे, या दोन गोष्टी शासनाने येत्या योजनांपासून कराव्यात, अशी माझी कळकळीची मागणी आहे.