सोळा तासांचा उपवास आणि आपलं शरीर

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेलं भाषण)



सध्या कट्ट्यावर 'काय, किती तास झाले?' हाच प्रश्न चालतो. कुणी सोळा तास उपाशी, कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवणारे. मी डॉक्टर नाही. बँकेत जन्म गेला, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगतो.

जेवल्यावर रक्तात साखर वाढते. इन्सुलिन ती पेशींमध्ये पोचवतं, जादा साखरेतली काही यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते. हे आपलं बचत खातं, शिल्लक साधारण 100 ग्रॅम. रात्रभर त्यातूनच पैसे निघतात. खातं उतरलं, इन्सुलिन खाली आलं, की शरीर चरबीची एफडी जास्त मोडू लागतं. (खिचडी आणि वर बटाट्याचा कीस, हा उपवास इथे धरू नये!)

वजन उतरतं, पण जादू नाही. चीनमध्ये 139 लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच कमी उष्मांकाचा आहार. एका गटाने मात्र तो सकाळी 8 ते दुपारी 4 मध्येच संपवायचा. या गटाचं वजन सरासरी 8 किलोने घटलं, दुसऱ्याचं 6.3 किलोने. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठोस नव्हता. म्हणजे फायदा मुख्यतः ताटात कमी पडल्याचाच.

आपल्या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून दोन जेवणांत डाळ, दही, दूध हवंच, आणि जमेल तेवढा जिना.

आता खरी काळजीची गोष्ट. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ते औषध तुम्ही जेवलात का हे विचारत नाही. साखर 70 च्या खाली गेली की घाम, थरथर, अंधारी, बोलणं अडखळणं. गेल्या पावसाळ्यात आपल्यातल्याच एकांना लिफ्टमध्ये हे झालं. वॉचमनने धरलं म्हणून निभावलं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मी स्वतः रात्री साडेसातला जेवून सकाळी साडेनऊला नाश्ता करतो, पण डॉक्टरांनी आधी गोळी निम्मी केली, मगच. ज्यांनी विचारलेलं नाही, त्यांनी उद्या औषधांची चिठ्ठी घेऊन जाऊन यावं. तोवर नाश्ता चुकवू नका. माझ्याकडे ग्लुकोमीटर आहे, रात्री-अपरात्रीही बेल वाजवा.