शेडच्या आधी जागा

आम्ही मांजरा खोऱ्यातल्या एका गावच्या ग्रामसंघाच्या वतीनं बोलतोय. आमच्या ग्रामसंघात 14 बचत गट आहेत. सगळ्यांनी मिळून 30 फूट रुंद, 50 फूट लांब अशी शेड उभी केली. एका अंगाला डाळमिल, दुसऱ्या अंगाला औजार बँकेचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि मळणीयंत्र. आता इतर गावच्या बायका बघायला येतात. पत्रे बघतात, शटर बघतात आणि विचारतात, 'कितीला पडली?' जमिनीखाली काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज तेवढंच सांगणार आहोत. पत्रा चढायच्या आधीचं, मातीतलं काम.

आमची जमीन काळी. तुरीला, सोयाबीनला चांगली, पण इमारतीला सावत्र. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अशा भेगा पडतात की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर हाताला लागत नाही. हे फुगणं-आकसणं शेडखालीही थांबत नाही. कडेची माती पावसाचं पाणी पिते आणि वर उचलते, मधली कोरडी ती तशीच राहते. मग कोब्याला भेग जाते, शटर अडकायला लागतं, मशीन हलायला लागतं. एका गावातलं गोदाम आम्ही बघून आलो होतो. दोन पावसाळ्यांत कोबा असा उलला होता की पोत्यांची थप्पी सरळ लागत नव्हती. पत्रे मात्र नवे कोरे.

जागा तीन होत्या. पहिली डांबरी रस्त्याला लागून. सगळ्यांच्या डोळ्यांत तीच भरली. पण मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी-पाचजणी तिथं जाऊन उभ्या राहिलो, तर पाणी घोट्याच्या वर. जागा बघायची तर पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. दुसरी जागा माळावर, मुरमाड, पायाला उत्तम. पण गावापासून लांब, विजेचा खांब नाही, आणि संध्याकाळी बायकांनी एकटीदुकटीनं यायचं कसं? तिसरी जागा गावाच्या कडेला, आमच्या एका सदस्याच्या सासऱ्यांची. ते म्हणाले, 'बांधा की, घरचंच आहे.' माणूस भला. पण शेड त्यांच्यानंतरही उभी राहणार, आणि उद्या भावकीत वाटणी झाली की तोंडच्या शब्दाला कोण विचारतं? आम्ही त्यांना नीट समजावून सांगितलं आणि 29 वर्षांचा भाडेकरार केला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून भागत नाही. त्याआधी सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घेतले. बांधकामाची परवानगी कुणाकडून घ्यायची, शेतजमीन असेल तर काय करायचं, हे तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत लेखी विचारा. आणि 'गायरानात टाका शेड, कोण बघतंय' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढावीत असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 सालीच सांगितलंय. बचतीचा पैसा तिथं कशाला पुरायचा?

जागा ठरली तरी कुदळ मारू नका. आधी खड्डे घ्या. आम्ही चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे पाच खड्डे घ्यायला सांगितलं. ठेकेदार हसले. म्हणाले, 'ताई, दोन फुटांवर मुरूम आहे सगळीकडं. खड्ड्यांची मजुरी वाया कशाला घालवता?' तेव्हा आमच्यातल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, पूर्वेच्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'मी नवी नवरी होते तवा शेणाची पाटी हितंच पालथी करत हुते. उकिरडा हुता हितं.' वरून काही दिसत नव्हतं. सपाट जमीन, त्यावर गवत. खड्डा घेतला. चार खड्ड्यांत दोन फुटांवर मुरूम लागला, ठेकेदार खोटं बोलत नव्हते. पण त्या पाचव्यात पाच फूट खाली जावं लागलं. राख, कुजका भुसा, खापरं. त्या कोपऱ्यावर कॉलम उभा राहिला असता तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. जागेचा इतिहास सातबाऱ्यावर नसतो. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना जागेवर घेऊन जा, खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा. इथं विहीर होती का, पेव होतं का, बाभळ होती का? मोठं झाड जवळ असेल तर त्याचाही विचार करा. ते काळ्या जमिनीतलं पाणी ओढतं आणि त्या बाजूची जमीन जास्त आकसते. झाडाच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवावं. आमचा कडुनिंब वाचवण्यासाठी आम्ही शेड पश्चिमेला सरकवली. झाड तोडून लगेच बांधलं तर मुळांनी सुकवलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते, म्हणजे तेही नको.

मग आखणी. कागदावरचा नकाशा बायकांना कळत नाही असं लोक म्हणतात. आम्हाला तर तो गवंडीभाऊंनाही कळला होता की नाही शंका आहे. आम्ही फक्कीनं सगळी शेड जमिनीवर काढली, आणि आत मशीनसुद्धा. डाळमिल इथं, पोत्यांची थप्पी इथं, चाळणी इथं. मग डोक्यावर पाट्या घेऊन त्या रेघांमधून चालून बघितलं. दोघी समोरासमोर आल्या की अडायच्या. तिथंच थप्पी चार फूट मागं सरकली. फक्की पुसायला पैसे लागत नाहीत. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट दोरीनं मोजला तो 24 फूट भरला, म्हणून वळायला समोर मोकळं अंगण राखलं. शटर 12 फुटांचं ठेवलं.

कोपरा काटकोनात आहे का ते आपलं आपल्याला तपासता येतं. एका बाजूला 3 फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण, दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट आलं तर कोपरा सरळ. मोठ्या शेडला 9, 12 आणि 15 घ्या, चूक लवकर दिसते. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. 30 बाय 50 च्या शेडला दोन्ही तिरप्या दोऱ्या 58 फूट आणि जवळपास पावणेचार इंच भरायला हव्यात. आमची एक दोरी पाच इंचांनी जास्त भरली. गवंडीभाऊंनी कुरकुर न करता खुंट्या हलवल्या, त्यांचं कौतुक.

खोदाईच्या वेळी दोन फूट काळी माती सगळी काढली. 30 ब्रास निघाली. थोडी आमच्या परसबागांना, बाकीची ज्यांचं रान बरड आहे त्यांनी स्वतःच्या खर्चानं नेली. उकिरड्याचा कोपरा मात्र मुरूम लागेपर्यंत खाली नेला. काळ्या मातीतला खोल खड्डा ढासळतो, म्हणून उकरलेली माती कडेपासून तीन फूट लांब टाकायची आणि लेकरांना तिकडं फिरकू द्यायचं नाही. कॉलमचे खड्डे पक्क्या मुरमात गेले, जोत्याची भिंत झाली आणि मग आला भराव. सगळ्यात जास्त पैसा इथं जातो, आणि सगळ्यात जास्त डोळ्यांत धूळही इथंच जाते.

हिशोब सांगतो, वही घेऊन बसा. जोतं जमिनीपासून 2 फूट वर, खालची 2 फूट माती काढलेली, म्हणजे 4 फूट. त्यातला वरचा 1 फूट सोलिंग आणि कोब्याचा. राहिला 3 फूट मुरूम. 30 गुणिले 50 गुणिले 3, म्हणजे 4500 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून 45 ब्रास. उकिरड्याच्या कोपऱ्याला 3 ब्रास वेगळा. झाले 48. पण हा दाबलेला मुरूम. ट्रॉलीतून येतो तो मोकळा, दाबला की बसतो. साडेसात इंचांचा मोकळा थर दाबून सहा इंच होतो, म्हणून सव्वापट लक्षात ठेवा. 48 ब्रास दाबलेला हवा तर 60 ब्रास मोकळा आणावा लागतो. पुढं ट्रॉली. सगळे म्हणतात, 'एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास.' आमच्याकडं आलेली ट्रॉली मोजली तर 10 फूट लांब, 6 फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे 90 घनफूट. 60 ब्रासला 60 नाही, 67 ट्रॉल्या लागतात. हा सात ट्रॉल्यांचा फरक कुणाच्या पदरात पडणार होता? आम्ही रोज दोघींची पाळी लावली. ट्रॉली रिकामी झाली की वहीत वेळ आणि नंबर, आणि सही. मुरूम कुठून आला त्याची रॉयल्टीची पावतीही जोडून ठेवली, कारण मुरूम गौण खनिज आहे. उद्या तहसीलचं पथक आलं तर दाखवायला काहीतरी हवं.

पहिल्या दिवशी ट्रॉलीवाले विचारायचे, 'मालक कुठायत?' आम्ही म्हणायचो, 'इथंच आहोत, सांगा.' तिसऱ्या दिवशी विचारायचे थांबले.

भराव एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचं कवच घट्ट होतं. म्हणून थर करायचे. जोत्याच्या भिंतीला आतून कोळशानं सहा-सहा इंचांवर रेघा मारल्या. एक थर दाबून रेघेला आला की दुसरा. असे सहा थर. पाणी किती मारायचं याचं माप तुमच्या हातात आहे, मैत्रिणींनो. ओला मुरूम मुठीत घेऊन लाडू वळा. लाडू वळला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये, आणि खाली टाकला की दोन-तीन तुकडे व्हावेत. वळलाच नाही तर पाणी कमी, चिखल चिकटला तर जास्त. इंजिनावरचं धुम्मस भाड्यानं आणलं होतं, पण कोपऱ्यांत आणि कॉलमच्या बुडाशी ते पोचत नाही. तिथं हातधुम्मस. थर झाला की लोखंडी गज हातानं दाबून बघायचा. जिथं सहज रुततो, तिथं परत.

पैसे टप्प्यानं दिले. खड्डे मोजल्यावर एक हप्ता, भराव मोजल्यावर दुसरा. झाकलेलं काम मोजता येत नाही, म्हणून झाकायच्या आधी बोलवा असं करारातच लिहून घेतलं होतं.

आता खरा वाद. मे महिना लागला, पत्रे चढले, ठेकेदार म्हणाले, 'आठवड्यात कोबा टाकून मोकळं करतो.' आमच्यातल्या निम्म्याजणी तयार होत्या. त्यांचंही खोटं नव्हतं. कर्जाचा हप्ता सुरू झाला होता, आणि हप्ता काही पावसाळ्यात थांबत नाही. बाकीच्या म्हणाल्या, एवढा भराव आहे, खाली उकिरडा होता, एक पावसाळा खाऊ द्या. बैठक रात्री दहापर्यंत चालली. एकजण रागानं उठून गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. शेवटी ठरलं की कोबा पावसाळ्यानंतर. तोवर ट्रॅक्टर आणि औजारं पत्र्याखाली मुरमावरच उभी करायची आणि औजारांचं भाडं चालू ठेवायचं, म्हणजे हप्त्याला आधार होईल. डाळमिल ऑक्टोबरनंतरच आणायची, तशीही तूर जानेवारीशिवाय येत नाही.

त्या पावसाळ्यात दुसरं एक काम केलं. वरच्या बाजूनं येणारं पाणी अडवायला चर काढला आणि तो ओढ्याला जोडला. शेजारच्या रानात पाणी सोडायचं नाही, नाहीतर बांधाचं भांडण आयुष्यभर पुरतं. शेडच्या चारही बाजूंनी चार फुटांची पट्टी, बाहेर उतार देऊन पक्की केली. काळ्या जमिनीत हेच महत्त्वाचं. पायाजवळची माती वर्षभर एकसारखी राहिली पाहिजे, कधी चिंब आणि कधी कोरडी अशी नको. पत्र्याचं पाणीही पन्हाळीनं लांब नेलं. ट्रॅक्टर धुवायची जागा हातपंपापासून दूर ठेवली, कारण ऑइल जमिनीत मुरतं आणि तेच पाणी आपण पितो.

ऑक्टोबरात पाणनळी लावून पातळी घेतली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. उकिरड्याचा कोपरा दीड इंच बसला होता. तिथं मुरूम टाकून, पाणी मारून, पुन्हा ठोकला. विजेच्या वायरसाठी आणि सांडपाण्यासाठी पाइप आधीच टाकून घेतले, अर्थिंगचा खड्डा बाहेर केला. डाळमिलचा चौथरा कोब्यापासून सुटा ठेवला, म्हणजे मशीनचा हादरा फरशीला जात नाही. शटरसमोर दोन फूट चढायला 16 फूट लांबीचा रॅम्प केला. मग दगडी सोलिंग आणि त्यावर कोबा. दोन आठवडे पोती अंथरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, पाळीनं. ट्रॅक्टर 28 दिवस बाहेर उभा राहिला.