यंत्र आणि आपले हात



१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी लोखंडी नांगर घडविला. त्याचा फाळ झिजला की शेतकरी स्वतःच बदली. आज दारी ट्रॅक्टर आहे. परंतु पान्यास हात लावणे आपल्या सुशिक्षित मुलांस कमीपणाचे वाटते. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत वाफसा निघून जातो.

एअर क्लीनर धुळीने भरला की इंजिन काळा धूर ओकते. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पंप पाणी धरीत नाही. असले दोष घरीच निघतात. इंजेक्शन पंपास मात्र जाणत्यानेच हात घालावा.

ज्ञातीच्या वसतिगृहात पुस्तकांशेजारी पान्यांची पेटीही असावी, एवढीच आम्हां वृद्ध शिक्षकांची विनंती. काळे झालेले हात धुता येतात. हुकलेली पेरणी पुन्हा साधत नाही.