नखातली बुरशी : एकदा नव्हे, दोनदा तपासा

पायाचं नख पिवळं पडलं, जाड झालं, भुगा सुटायला लागला, की आपण दुकानातून मलम आणतो आणि महिनोन्‌महिने चोळत बसतो. अहो, तपासणी कोण करणार? अशा बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. बाकीच्यांना सोरायसिस असतो, जुना मार असतो किंवा घट्ट बूट बाधलेले असतात.

बुरशी निघालीच तर बहुधा गजकर्णवाली, ट्रायकोफायटन रुब्रम. पण स्कोप्युलॅरिऑप्सिस, फ्युझेरियम, निओसायटॅलिडियम अशा मातीतल्या बुरश्याही नखात घर करतात. निओसायटॅलिडियम तर आंब्याच्या झाडालाही लागते. आणि नेहमीच्या गोळ्यांना ती सहसा दाद देत नाही.

गंमत अशी की या मातीतल्या बुरश्यांचे बीजाणू सगळीकडे उडत असतात. नखावर नुसते बसलेलेही सापडतात. लग्नाच्या पंगतीत एकदा दिसलेला माणूस घरचा म्हणाल का? तो पान मांडून जेवताना दिसला पाहिजे, म्हणजे नखाच्या खरवडीत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले पाहिजेत. आणि पुढच्या पंगतीलाही तोच हजर हवा, म्हणजे पुन्हा घेतलेल्या नमुन्यातही तीच बुरशी वाढली पाहिजे. दारावरचा माणूसही बघा. बुरशी वाढवायच्या एका नळीत सायक्लोहेक्झिमाइड घालतात. ते गजकर्णवालीला आत सोडतं, या परक्यांना बहुतेक दारातूनच परतवतं. तेवढी एकच नळी लावली, तर पाहुणा आलाच नाही असं वाटणार! म्हणून दुसरी नळी सायक्लोहेक्झिमाइडशिवाय लावायची.

नमुना देताना टोकाचा भुगा उपयोगाचा नाही. तो काढून टाकून आतली, चांगल्या नखालगतची खरवड हवी. मलम काही आठवडे आधीच बंद ठेवा. अहवालाला चार आठवडेही लागतात. पायाचं नख पुरतं वाढायला वर्ष-दीड वर्ष जातं, मग चार आठवड्यांची घाई कशाला? पुन्हा सांगतो, एका अहवालात मातीतली बुरशी आली म्हणून लगेच गोळ्या सुरू करू नका. नमुना दुसऱ्यांदा द्या.

मधुमेहींनी तर... वेळ संपत आली, तेव्हा एवढंच : मधुमेह असेल, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असतील, तर नखाचं दुखणं अंगावर काढू नका. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या माणसाच्या नखातून फ्युझेरियम रक्तात उतरू शकते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि गोळीच्या आधी तपासणी मागा.