दोन मोटारगाड्या



मोटारगाडी चांगली कोणती, असा प्रश्न कोणीं केला, तर ‘कोणासाठीं?’ असें आधीं विचारावें लागतें. आज मी आपणांस दोन गाड्यांची हकीकत सांगणार आहें. एक इंग्लंडची रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ व दुसरी अमेरिकेची फोर्ड ‘मॉडेल टी’. त्यांचे कर्ते हेन्री रॉइस व हेन्री फोर्ड. दोघांचें नांव एक आणि जन्मसालही एकच, १८६३. रॉइस हा लहानपणींच वडील वारल्यामुळें वर्तमानपत्रें विकणारा मुलगा, फोर्ड शेतकर्‍याचा. शालेय शिक्षण दोघांचेंही बेताचेंच.

रॉइसची गाडी १९०६ सालीं पुढें आली. सहा सिलिंडरांचें, सात लिटरांहून मोठें तिचें एंजिन इतकें नि:शब्द चाले कीं, १९०७ मध्यें रुपेरी रंगाच्या एका गाडीस ‘रुपेरी पिशाच्च’ अशा अर्थाचें हें नांव मिळालें. त्याच वर्षीं तिनें सुमारें १५,००० मैलांची कसोटी पार पाडली. कारखाना फक्त सांगाडा व यंत्र देई. वरचा भाग गिर्‍हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावा. आपल्याकडील संस्थानिकांनीं ही गाडी मोठ्या हौसेनें घेतली. १९२६ पर्यंत अशा गाड्या आठ हजारांहून कमीच निघाल्या.

फोर्डची गाडी १९०८ ची. चार सिलिंडर, वीस अश्वशक्ति. पेट्रोल तिच्या बैठकीखालच्या टाकींतून केवळ आपल्या भारानें उतरे. त्यामुळें टाकींत थोडेंच उरलें असतां उभा चढ लागला, तर गाडी उलट्या तोंडानें चढवावी लागे! पण मागचें चाक उचलून त्यास पट्टा जोडला कीं हीच गाडी शेतकर्‍याची करवत चालवी. १९१३ सालीं फोर्डनें सरकती जुळणी सुरू केली. सांगाडा जोडण्यास साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. ८५० डॉलरांची किंमत पुढें ३०० च्याही खालीं गेली, आणि १९२७ पर्यंत दीड कोटि गाड्या बाहेर पडल्या.

परंतु दिवसभर एकच बोल्ट आवळून कामगार कंटाळले व काम सोडून जाऊं लागले. तेव्हां १९१४ सालीं फोर्डनें रोजची मजुरी जवळजवळ दुप्पट, पांच डॉलर केली. रॉइसच्या कारागिरास आपल्या हातचें काम गाडींत ओळखतां येई, पण ती गाडी घेण्याची त्याची ऐपत नव्हती. फोर्डच्या मजुरास गाडी घेतां येई, पण तींत आपलें काम कोणतें हें दाखवितां येत नसे.

मी आयुष्यभर शिक्षक होतों. थोड्यांस उत्तम शिकवावें कीं पुष्कळांस कामापुरतें, हा पेंच मलाही पडे. निकाल मला आजही देतां येत नाहीं. एवढें मात्र वाटतें कीं, वस्तूची परीक्षा करतांना ती किती जणांस मिळाली हें विचारावें, आणि करणारास तिचा अभिमान वाटला काय, हेंही विचारावें.