संगणकाच्या पेटीत पाणी खेळवताना



विजेचे यंत्र आणि पाणी यांना एकमेकांपासून लांब ठेवावे, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली असते. ‘ओल्या हाताने बटण दाबू नकोस’ हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही, असे घर सापडणे कठीण. आणि आता त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, की मी माझा संगणक स्वतः जोडणार आणि त्यात पाणी फिरवणार! वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा यावा अशीच ही गोष्ट. पण ती वेडेपणाची मुळीच नाही. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेला ३०८१ हा मोठा संगणक पाण्यानेच गार ठेवला जात असे. मोटारीचे इंजिन तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. तेव्हा प्रश्न पाणी फिरवावे की नाही एवढाच नाही. कशासाठी फिरवायचे आणि त्याकरिता सामान कोणते घ्यायचे, हा आहे. कारण यात घरच्यांचा पैसा गुंतलेला असतो, आणि संगणकातली सर्वांत महाग वस्तू नेमकी त्या नळ्यांच्या खाली बसलेली असते.

पाणीच का, ते आधी पाहू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८० जूल उष्णता लागते. एक लिटर हवेला साधारण सव्वा जूल पुरते. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या तीन-साडेतीन हजार पट उष्णता उचलून नेते. पण नेते म्हणजे नाहीशी करते असे नव्हे, बरं का. पाणी हे फक्त हमाल आहे. चिपवरची उष्णता ते रेडिएटरपर्यंत वाहून आणते, आणि तिथे ती शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यावी लागते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली, की खरेदीतल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

पहिली खरेदी करणारे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. पाणी निळे घ्यावे की लाल, टाकीत दिवे कसे लागतील, नळ्या काटकोनात वळवलेल्या किती सुंदर दिसतील, येथून प्रारंभ. माझ्या मते पहिला कागद उष्णतेच्या हिशेबाचा असावा. उदाहरणादाखल एक जोडी घेऊ. २०२३ साली आलेला रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी हा प्रोसेसर १२० वॅटच्या श्रेणीतला, आणि २०२२ साली आलेले आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड ३२० वॅटचे. बेरीज ४४० वॅट. यातच एक गोष्ट लक्षात येते. उष्णतेचा मोठा धनी प्रोसेसर नसून ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरची चिप नखाएवढी असते. तिच्यातली उष्णता वरच्या धातूच्या झाकणातून बाहेर पडतानाच अडते, म्हणून वर पाणी असले तरी तापमान फारसे खाली येत नाही. कार्डाच्या चिपवर झाकण नसते, ब्लॉक थेट तिच्यावर बसतो, आणि तिथे पाण्याचा गुण खरा दिसतो. पंख्यांचा गोंगाटही तिथेच कमी होतो. म्हणून केवळ प्रोसेसरसाठी कुणी हा सारा खटाटोप करणार असेल, तर मी म्हणेन, चांगला हवेचा कूलर घ्यावा, किंवा कारखान्यातून बंद होऊन आलेला तयार संच घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत मोठी डिस्क घ्यावी.

आता रेडिएटर. बाजारात त्याचे माप पंख्यांवरून बोलतात. १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसले तर २४०, तीन बसले तर ३६०. १४० मिलिमीटरचे दोन बसले तर २८०. ऐकताना २८० आणि ३६० मध्ये मोठी तफावत वाटते, पण गुणाकार करून पाहा. २८० गुणिले १४० म्हणजे ३९,२०० चौरस मिलिमीटर. ३६० गुणिले १२० म्हणजे ४३,२००. अंतर थोडेच. कॅबिनेटमध्ये तीन पंख्यांची लांबी मिळत नसेल तर २८० वर हळहळण्याचे कारण नाही. ढोबळ हिशेब असा की १२० मिलिमीटरच्या एका भागाने, पंखे मध्यम गतीने फिरत असताना, शंभर वॅटच्या आतबाहेर उष्णता टाकावी अशी अपेक्षा धरावी. आपल्या ४४० वॅटना एक ३६० आणि एक २४०, असे पाच भाग झाले. प्रत्येकाच्या वाट्याला ८८ वॅट. ही जोडी आरामात चालेल.

पण हा हिशेब कुठल्या खोलीत? परदेशी पुस्तिका बावीस-पंचवीस अंशांची खोली गृहीत धरतात. नागपुरात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि वातानुकूलन नसलेली खोली ३८ अंशांवर सहज जाते. पाणी खोलीपेक्षा दहाबारा अंश वर राहणार, म्हणजे ते पन्नाशीला टेकले. त्यावर ग्राफिक्स चिप आणखी दहा-पंधरा अंश वर. चिपला याचे काही वाटत नाही, ती हे सोसते. पण पंपाला आणि नळ्यांना वाटते. चांगल्या पंपांनाही साधारण साठ अंशांपर्यंतच पाणी मानवते. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने हिशेबापेक्षा एक भाग जास्तच घ्यावा, आणि टणक नळीच हवी असेल तर पीईटीजीची न घेता ॲक्रिलिकची घ्यावी. पीईटीजी लवकर मऊ पडते. कोकणातले लोक वेगळीच शंका विचारतात: दमट हवेत नळ्यांना घाम सुटून पाणी ठिबकणार नाही ना? नाही. घाम सुटायला वस्तू हवेपेक्षा गार असावी लागते, आणि साध्या रेडिएटरने पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. ती धास्ती फ्रीजसारखे यंत्र लावणाऱ्यांनी बाळगावी.

रेडिएटर ठरला की मग कॅबिनेट. आधी कॅबिनेट नव्हे. तीस मिलिमीटर जाडीचा रेडिएटर आणि पंचवीसचा पंखा मिळून पंचावन्न मिलिमीटर होतात. छताखाली एवढी जागा आहे का, आणि ती जागा मदरबोर्डावरच्या उंच मेमरीला आडवी येते का, हे फूटपट्टीने मोजावे. खोक्यावर ‘३६० बसतो’ असे छापलेले असते. मेमरीचे काय होते, ते छापलेले नसते.

यानंतर जे सांगणार आहे ते कृपया लक्ष देऊन ऐका. धातू. आपल्या आज्या बंब तांब्याचा वापरीत, आणि पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घेत. पाण्याच्या संगणकातही तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा ही मंडळी एका घरात सुखाने नांदतात. ॲल्युमिनिअम मात्र त्यांच्यात खपत नाही. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात आले, की ते पाणी आणि दोन धातू मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनिअम झिजू लागते. काही महिन्यांत पाणी गढूळ होते, गाळ ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत जाऊन बसतो, आणि शेवटी पत्र्याला भोक पडते. गंजरोधक द्रव घातला तर हे लांबते, टळत नाही. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा ॲल्युमिनिअमचे असतात. दुकानदाराला ‘रेडिएटर कसला आहे?’ असे विचारल्यावर ‘एकदम मस्त आहे’ असे उत्तर मिळाले, तर तो खाली ठेवावा. तांब्याचा आहे असे लेखी दिसले तरच उचलावा. टाकीचे झाकण, फिटिंगे, पाण्यातला तापमापक, यांनाही हाच नियम.

ब्लॉक म्हणजे चिपवर बसणारी पाण्याची पेटी. प्रोसेसरचा ब्लॉक घेताना सॉकेट पाहावे. एएम५ ला बसण्याचा सांगाडा सोबत आहे ना, एवढे विचारले की झाले. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. चिप तीच असते, नाव तेच असते, पण निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांवरचे भाग निरनिराळ्या जागी असतात. ब्लॉक कार्डाच्या बोर्डाला जुळावा लागतो, चिपच्या नावाला नव्हे. म्हणून कार्ड आधी घेऊन ब्लॉक मग शोधू नका. ज्याला ब्लॉक मिळतो असेच कार्ड निवडा. आणि मूळ पंखा उतरवल्यावर कार्डाची हमी राहते की नाही, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो मूळ पंखा आणि त्याचे बारीक स्क्रू एका डब्यात जपून ठेवा. उद्या कार्ड विकायचे झाले तर घेणारा ते मागेल.

पंपाविषयी थोडक्यात. डी५ आणि डीडीसी ही दोन घराणी प्रसिद्ध. डी५ जरा मोठा पण शांत, पहिल्या खेपेला तोच बरा. टाकी आणि पंप एकत्र जोडलेला संच घ्यावा, म्हणजे एक सांधा वाचतो. हा पंप कोरडा फिरवू नये. त्याच्या आतल्या बेअरिंगला पाण्याचेच वंगण असते. पाणी आधी प्रोसेसरकडे जावे की कार्डाकडे, यावर तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल, तर आपले ४४० वॅट त्याला पूर्ण फेरीत जेमतेम दीड अंश तापवतात. त्यामुळे कुठूनही न्या. टाकी पंपाच्या आधी असावी, एवढेच पुरे.

फिटिंगांचा खर्च मात्र सर्वांना फसवतो. मोजा: प्रोसेसरचा ब्लॉक, कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर, पंपाची टाकी. पाच वस्तू, प्रत्येकी दोन तोंडे, म्हणजे दहा फिटिंगे झाली. वळणांसाठी कोन लागतात ते वेगळे. वस्तू चिमुकली असल्याने कुणी ती हिशेबात धरत नाही, आणि शेवटी पैसे संपल्यावर कुठलीतरी निनावी घेतो. गळती व्हायची ती इथेच होते. दहापैकी एक वाईट निघाली तरी पुरे. म्हणून दिव्यांत काटकसर करा, हवे तर टाकी साधी घ्या, फिटिंगांत नको. नळीचे आतले आणि बाहेरचे, दोन्ही आकडे फिटिंगशी जुळले पाहिजेत. १०/१३ ची फिटिंग १०/१६ च्या नळीवर बसत नाही. पेच पाव इंची असतो आणि पाणी रबराची कडी अडवते. त्यामुळे घरच्या नळाला गुंडाळतो ती टेफ्लॉनची टेप इथे गुंडाळायची नाही, आणि पान्याने आवळायचेही नाही. हाताने, कडी नीट बसेपर्यंत, तेवढेच.

नळी पहिल्यांदा मऊच घ्यावी. टणक नळी तापवून वाकवणे ही हातसवयीची कला आहे, आणि ती शिकायला चार नळ्या वाया जातात. मऊ नळीतही पारदर्शक पीव्हीसी कालांतराने धुरकट होते, आणि तिच्यातून सुटलेला चिकटा ब्लॉकमध्ये अडकतो. काळ्या इपीडीएम रबराची नळी दिसायला मोटारीच्या नळीसारखी असते खरी, पण वर्षानुवर्षे तक्रार करत नाही.

आणि पाणी? बोअरचे नको, नळाचे नको, आरओचेही नको. त्यात क्षार उरतातच. डिस्टिल्ड पाण्यात शेवाळ आणि गंज रोखणारे द्रावण मिसळावे, किंवा तयार शीतक घ्यावे. रंगीत, त्यातही दुधाळ पाणी तळाशी बसते; पहिल्या वर्षी बिनरंगी बरे. ‘यातून वीज वाहत नाही’ असे बाटलीवर लिहिले असले तरी त्यावर विसंबू नये. धातूंच्या संगतीत ते पाणी काही दिवसांतच क्षार उचलते, आणि मग त्यातून वीज वाहू लागते.

खरेदीच्या यादीत शेवटी तीन किरकोळ वस्तू घाला: सर्वांत खालच्या जागी बसवायला एक निचऱ्याची तोटी, एसएमपीएस मदरबोर्डाशिवाय सुरू करायचे छोटे प्लग, आणि काटा असलेला गळती तपासायचा हातपंप. सायकलचा पंप लावू नये, ॲक्रिलिकच्या टाकीला तडा जाईल. सारे जोडून झाले की पाणी न घालता अर्ध्या बारच्या आसपास हवा भरावी आणि अर्धा तास काट्याकडे पाहावे. काटा हलला तर सांधा शोधावा. अजून पाणी आत नाही, नुकसान काहीच नाही. काटा स्थिर राहिला, तर पाणी भरून त्या छोट्या प्लगच्या साहाय्याने फक्त पंप चालू करावा, प्रत्येक सांध्याखाली टिपकागद ठेवावा, आणि यंत्र रात्रभर तसेच फिरू द्यावे. सकाळी सारे कागद कोरडे निघाले, तर मदरबोर्डाची केबल जोडायला हरकत नाही.